साखरेचे फूल आणि आमचा हिशेब

ईस्टरचा सण पार पडला की आपल्या वसईत लग्नांचा हंगाम सुरू होतो. मांडव उभे राहतात, बॅण्डवाल्यांच्या तारखा मिळेनाशा होतात आणि घराघरांत याद्या लिहिल्या जातात. त्या यादीत केक हा एक महत्त्वाचा विषय असतो. पूर्वी केक म्हणजे वर पांढरे आयसिंग, कडेला चार गुलाब आणि मध्ये चंदेरी अक्षरांत लिहिलेली दोन नावे, एवढेच असे. आता केकवर बाग फुलते. गुलाब, लिली, ऑर्किड, मोगरा, आणि तीही अशी हुबेहूब की लहान मुलांनी वास घेण्यासाठी नाक पुढे करावे. ही सारी फुले साखरेची असतात. त्यांना फॉन्डंटची फुले म्हणतात.

या फुलांवरून आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो केवळ केकचा नाही असे जाणवल्यामुळे वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत. जे क्षणभर पाहावयाचे आणि मग मोडावयाचे, त्यावर इतके कष्ट आणि इतका पैसा खर्च करणे योग्य आहे काय? आणि योग्य नसेल, तर तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला?

आमचे धाकटे बंधू काही वर्षांपूर्वी समुद्राकडचा पट्टा सोडून तालुक्याच्या पूर्वेस चांदीप येथे राहावयास गेले. इकडे वाड्या, विहिरी आणि केळीची पाने. तिकडे डोंगर, भातशेती आणि आदिवासी पाडे. त्यांची मुलगी, म्हणजे आमची पुतणी, घरी बसून ही साखरेची फुले करते आणि केक बनविणाऱ्यांना पुरविते. आमच्या कन्येचे लग्न ठरले तेव्हा केकवरील फुलांचे काम साहजिकच तिच्याकडे गेले. लग्नाला आठवडा उरला असताना आम्ही चांदीपला गेलो आणि प्रथमच हे काम जवळून पाहिले.

पिठीसाखर, भिजवून विरघळविलेले जिलेटिन, ग्लुकोज आणि थोडे ग्लिसरीन एकत्र मळून फॉन्डंटचा गोळा होतो. तो केकवर चादरीसारखा पसरता येतो. परंतु पाकळीसाठी तो फार मऊ. म्हणून त्यात सीएमसी नावाची वनस्पतिजन्य पावडर मिसळतात. मग गोळा ताठर होतो आणि कागदासारखा पातळ लाटता येतो. पुतणी लाटलेली पट्टी वर्तमानपत्रावर धरीत होती. खालची अक्षरे वाचता आली म्हणजे पट्टी पुरेशी पातळ झाली, ही तिची परीक्षा. साच्याने पाकळी कापावयाची, ती स्पंजाच्या तुकड्यावर ठेवावयाची आणि टोकाला गोळी असलेल्या काडीने तिची कड अशी दाबीत न्यावयाची की ती झिरझिरीत होऊन आपोआप मुरडावी. गुलाबाची मधली कळी तारेवर बसवून एक दिवस आधी वाळवून ठेवलेली असते. तिच्याभोवती प्रथम तीन, मग पाच, मग आणखी पाच पाकळ्या चढतात. प्रत्येक थर वाळल्याखेरीज पुढचा चढविता येत नाही. वाळत घालण्यासाठी तिने अंड्यांचे रिकामे ट्रे मांडले होते. शेवटी कोरडा रंग कुंचल्याने लावावयाचा आणि क्षणभर वाफ दाखवावयाची, म्हणजे साखरेचा पिठूळपणा जाऊन पाकळीवर तजेला येतो.

आपली हवा मात्र या कामाची वैरीण. साखर हवेतला ओलावा ओढून घेते. रात्री दमटपणा वाढला की दिवसभर केलेली पाकळी माना टाकते. म्हणून पुतणी पंखा लावून बसते, खिडक्या बंद करते, पावसाळ्यात बहुतेक कामे नाकारते. एका केकच्या फुलांसाठी तिच्या तीन रात्री गेल्या होत्या. डोळे लाल झाले होते.

आम्ही कौतुक केले, आणि मग वडीलकीच्या सवयीने थोडा उपदेशही केला. म्हटले, “बाळ, काम सुंदर आहे, पण पाच मिनिटांच्या शोभेसाठी हा केवढा खर्च! पलीकडच्या पाड्यावर मुलांना दूध मिळत नाही. बेथानीच्या घरी सुगंधी तेल ओतले गेले तेव्हा विचारलेला प्रश्न आठवतो ना?”

ती पाकळीवरून नजर न काढता म्हणाली, “आठवतो, काका. पण तो विचारला कोणी, तेही आठवतं.”

आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु ते उत्तर मनात रुतून राहिले.

प्रथम एका सोप्या आक्षेपाचा विचार करू. ही फुले म्हणजे नवी श्रीमंती, पाश्चात्त्य चाळे, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. हे खरे नाही. साखरेला आकार देऊन सणाला शोभा आणण्याची हौस आपल्या भूमीत जुनी आहे. मकरसंक्रांतीला नव्या सुनेला आणि वर्षाच्या आतील बाळाला हलव्याचे दागिने घालतात. मंद आचेवर, तीळ किंवा खसखशीच्या दाण्यावर पाकाचे थेंब घालीत, तापल्या परातीत बोटांनी ते दाणे तासन् तास फिरवावयाचे, तेव्हा कुठे हलव्याला काटा येतो. त्या दाण्यांचे हार, बाजूबंद, मुकुट होतात, आणि हौस फिटल्यावर ते मुलांच्या तोंडी जातात. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी तर सर्वांच्या परिचयाच्या आहेत. आपल्या ख्रिस्ती घरांतही बदामाच्या जागी काजू वाटून केलेल्या मार्झिपानची अंडी, फुले आणि फळे सणाला होतच आली आहेत. युरोपात हीच हौस राजवाड्यांत होती. फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री १५७४ साली व्हेनिसला आला तेव्हा त्याच्यापुढे मांडलेल्या मेजावरील वस्त्रे, पाव आणि भांडी साखरेची होती, आणि राजाने रुमाल उचलताच तो हातात मोडला असे सांगतात. तेव्हा साखर हे श्रीमंतांचे द्रव्य होते. आज तीच साखर चांदीपच्या एका मुलीच्या हाती आली आहे. ही गोष्ट वाईट मानण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही फुले खोटी आहेत, आणि ज्या वसईत मोगरा आणि सोनचाफा अंगणात फुलतो तेथे खोट्या फुलांची गरज काय? हा आक्षेप आमच्या मनात विशेष बोचत होता, कारण आमच्या आईने उभे आयुष्य खऱ्या फुलांवर काढले. पहाटेच्या अंधारात कळ्या खुडावयाच्या, केळीच्या पानांत बांधावयाच्या, डोक्यावर टोपली घेऊन लोकल गाठावयाची आणि उजाडण्यापूर्वी दादरच्या फूलबाजारात बसावयाचे. तिने विकलेल्या गजऱ्यांची गणती नाही. तिच्या स्वतःच्या केसांत मात्र आम्ही क्वचितच फूल पाहिले. “विकायचं ते माळायचं कसं?” असे ती म्हणे.

तथापि विचार केल्यावर दिसते की खरे फूल केकवर नेहमीच निर्दोष नसते. कण्हेरीसारखी काही फुले विषारी आहेत, आणि बाजारातील फुलांवर औषध फवारलेले असू शकते. अन्नावर अन्नाचेच फूल असावे यात काही औचित्य आहे. शिवाय खोटेपणा म्हणजे काय? फसविण्याचा हेतू असेल तेथे खोटेपणा. साखरेच्या गुलाबाने कोणी फसत नाही. तो साखरेचा आहे हे माहीत असते म्हणूनच आपण त्याचे नवल करतो. चित्रातील फूल जसे लबाडी नव्हे, तसे हेही नव्हे.

लबाडी होती, पण ती वेगळ्या ठिकाणी होती, आणि ती आमची होती. आमच्या कन्येच्या लग्नातील केक पाच थरांचा होता. त्यांतील खालचे दोन थर खरे आणि वरचे तीन थर्मोकोलचे, त्यावर फॉन्डंटची चादर चढविलेली. हे सर्रास होते. पाहुण्यांना पाच थर दिसावेत आणि खर्च दोन थरांचा व्हावा, हा त्यामागील हेतू. फुलांनी कोणासही फसविले नाही. ज्या थरांवर ती बसविली होती त्यांनी मात्र आमच्या ऐपतीविषयी चारशे माणसांना खोटे सांगितले, आणि ते सांगण्यास आम्हीच त्यांना उभे केले होते. कारागिराच्या अनुकरणात दोष शोधताना आपण आपल्या प्रदर्शनाकडे किती सहज डोळेझाक करतो!

आता उधळपट्टीचा मुख्य प्रश्न. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मरिया जटामांसीचे मौल्यवान तेल प्रभूच्या चरणांवर ओतते, आणि यहूदा विचारतो की हे तीनशे दिनारांना विकून पैसा गरिबांस का दिला नाही. दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावरून आपणांस ठाऊक आहे. म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई एका प्रहरात जमिनीवर सांडली. प्रश्न क्षुल्लक नव्हता. प्रश्न विचारणारा अप्रामाणिक होता एवढ्यावरून प्रश्न खोटा ठरत नाही. योहान सांगतो की त्याला गरिबांची कळकळ नव्हती; थैली त्याच्यापाशी असे आणि तो तीतले पैसे काढी.

प्रभूने दिलेल्या उत्तराचा तर आपण फारच सोयीस्कर अर्थ लावतो. गरीब नेहमीच असणार, तेव्हा त्यांची चिंता कशाला, असा तो अर्थ. परंतु ते उत्तर ज्या वचनाची आठवण करून देते ते जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात आहे. तेथे गरीब देशात राहणारच म्हणून आपला हात त्यांच्यासाठी उघडा ठेवा, अशी आज्ञा आहे. म्हणजे प्रेमाच्या एका कृतीसाठी तेल ओतण्याची मोकळीक आणि उरलेल्या सर्व दिवसांसाठी उघडा हात, अशी ही जोडी आहे. पहिली घ्यावयाची आणि दुसरा सोडावयाचा, असे करता येत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या महाग्रंथात नेमका कारागिरांचाच प्रश्न घेतला आहे. स्त्रियांची आभूषणे करणाऱ्यांस पाप लागते काय? त्यांचे उत्तर समतोल आहे. ज्या वस्तूचा पापाखेरीज उपयोगच नाही ती करणे दोषास्पद. परंतु जिचा चांगला किंवा वाईट असा दोन्ही उपयोग होऊ शकतो ती करणाऱ्याचा धंदा दोषी नाही. फक्त अनावश्यक आणि विक्षिप्त अशा नवनव्या तऱ्हा काढण्यात दोष येऊ शकतो. या न्यायाने आमची पुतणी निर्दोष सुटते. वस्तूचा उपयोग करणाऱ्यांचा, म्हणजे आमचा, खटला मात्र चालू राहतो.

आता तो हिशेब. पुतणीने फुलांची जी रक्कम सांगितली होती ती आम्ही निम्म्यावर आणली होती. “घरचंच काम आहे,” असे म्हटले होते. तीन रात्रींच्या जागरणाला घरचे काम म्हटले की त्याची किंमत उतरते, हा आपल्या समाजातील जुना व्यवहार आहे, आणि त्याचा भार बहुधा घरातील मुलींवर व सुनांवर पडतो. हॉलवाल्याशी, बॅण्डवाल्याशी आम्ही अशी घासाघीस केली नाही. केली असती तरी त्यांनी ऐकले नसते. पाड्यावरील मुलांच्या दुधाची आठवण आम्हांला झाली ती फक्त पुतणीच्या टेबलाशी. मग निम्म्याने वाचलेल्या त्या पैशाचे आम्ही काय केले? तो पाड्यावर गेला नाही, गरिबांच्या पेटीतही गेला नाही. तो आमच्या थैलीत राहिला. गरिबांचे नाव घेऊन थैली सांभाळणारा बेथानीच्या घरात एकच जण होता, आणि पुतणीने आम्हांला त्याचीच आठवण करून दिली होती. तिला आमचा हिशेब अभिप्रेत होता की नाही, हे आम्ही तिला अद्याप विचारलेले नाही.

संत योहान पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात श्रमासंबंधी एक मूलभूत विचार मांडला. श्रमाचे मोल प्रथम त्यातून काय निपजते यावर ठरत नाही. तो श्रम करणारी एक व्यक्ती आहे, यावर ठरते. हे मान्य केले तर साखरेचे फूल पाच मिनिटे टिकते की पाच वर्षे, हा प्रश्न दुय्यम होतो. ज्या हातांनी ते केले त्यांना आपण कसे वागविले, हा पहिला प्रश्न होतो.

आणि ते हात केवळ पुतणीचे नाहीत. ती शुभ्र पिठीसाखर कोठून आली? दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी मिळून त्यांच्या हिशेबात ‘एक कोयता’ गणला जातो. दोन माणसांना एका हत्याराचे नाव! मुले फडाच्या कडेला खोपटात वाढतात आणि त्यांची शाळा बुडते. पाकळी कितीही पातळ लाटली तरी त्यातून हे दिसत नाही. ते आपणच आठवावे लागते. साखर खाऊ नये असे यातून निघत नाही. पण ती हलक्या हाताने फेकून देऊ नये, एवढे तरी निघते.

आम्ही मात्र ती फेकली. केक कापण्याचा विधी झाला, छायाचित्रे निघाली, आणि केक आत नेला गेला. थोड्या वेळाने काही कामासाठी आम्ही मागील बाजूस गेलो. वाढणाऱ्या मुलाने फुले तारांसकट उपटून कागदी बश्या आणि उष्ट्याबरोबर बादलीत टाकली होती. त्याचा दोष नव्हता. कापावयाचा भाग मोकळा करणे हे त्याचे काम, आणि फुलांचे काय करावयाचे हे आम्ही कोणीच त्याला सांगितले नव्हते. पुतणी दाराशी उभी होती. तिने बादलीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “चला काका, टोस्ट सुरू होईल.” त्या वेळी तिने आम्हांला चार शब्द ऐकविले असते तर बरे झाले असते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, श्रोत्यांना बजावले होते की टाकून दिलेले अन्न हे जणू गरिबाच्या पानातून चोरलेले असते. बादलीतली ती फुलेही अन्नच होती. ज्या वस्तूवर आपण शोभा म्हणून खर्च केला ती शोभा संपताच कचरा झाली, याचा अर्थ आपण तिला कधीच भेट मानली नव्हती. मरियेचे तेल सांडले तरी वाया गेले नाही, कारण ते कोणासाठी तरी होते. आमची फुले कोणासाठी होती? कन्येसाठी, असे आम्ही म्हणत होतो. खरे पाहता ती छायाचित्रासाठी होती.

यावर उपाय काय? फुले बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याने पुतणीचा धंदा बुडेल आणि आमचा दिखाऊपणा दुसरी वाट शोधील. आम्हांस सुचते ते असे. केक असेल तेवढाच दाखवावा. थर्मोकोलचे थर नकोत. फुले थोडी असावीत आणि त्यांचे दाम करणाऱ्याने सांगितले तेवढे, वेळेवर द्यावे, मग ती घरची मुलगी का असेना. केक कापण्यापूर्वी फुले हलक्या हाताने काढून तारा वेगळ्या कराव्यात आणि पाकळ्या मुलांना वाटाव्यात, किंवा जे वृद्ध आणि आजारी लग्नाला येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी एकेक फूल पाठवावे. आणि शोभेवर जेवढा खर्च झाला त्याच्या मानाने काही भाग त्याच दिवशी गरजवंतांसाठी बाजूस काढावा. तो पुढच्या आठवड्यावर ढकलला तर काय होते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

आमच्यापुरता हिशेब आम्ही उशिरा का होईना पुरा केला. उरलेली निम्मी रक्कम घेऊन पावसाळ्याच्या तोंडाशी चांदीपला गेलो. वाटले होते की ती “राहू द्या, काका” म्हणेल आणि आम्ही आग्रह करू. तसे झाले नाही. तिने नोटा घेतल्या, मोजल्या, आणि वहीत नोंद केली. मजुरी मोजूनच घ्यावयाची असते. आम्हांस ते पाहून बरे वाटले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. लग्नाच्या दिवशी पुतणीने आपल्या आजीसाठी साखरेच्या मोगऱ्याची एक लहानशी डहाळी वेगळी करून आणली होती. आईने ती खाल्ली नाही. ती घरातील वेदीवर पवित्र मरियेच्या मूर्तीपाशी ठेवली. जून महिन्यात हवा ओली झाली, पाकळ्या चिकट होऊन खाली झुकल्या आणि एका सकाळी तिला मुंग्या लागलेल्या दिसल्या. आम्हांस वाटले, आता ती हळहळेल. आईने डहाळी उचलली, अंगणात मोगऱ्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, “फूलच ते. कधीतरी जायचंच. पण हे मला कुणी तरी दिलं होतं.”

आयुष्यभर दुसऱ्यांना फुले देऊन पैसे मोजून घेतलेल्या त्या हातांना हे पहिलेच फूल असे मिळाले होते की काय, हे आम्ही विचारले नाही. विचारावयास हवे होते ते फार पूर्वी.